धुराड्याची झडप निवडताना : प्रस्तावना

वर्षाचे तास होतात 8,760. हिवाळ्यात वीस संध्याकाळी फायरप्लेस पेटवली आणि दर वेळी ती चार तास जळत राहिली, तर जाळाचे तास भरतात 80. शेकडा एकसुद्धा नाही. उरलेला सगळा काळ फायरप्लेस थंड असते, आणि तिच्या डोक्यावरचं धुराडं मात्र आपलं काम चालूच ठेवतं; घरातली तापवलेली हवा वर ओढून बाहेर सोडत राहतं. डॅम्पर, म्हणजे धुराड्यातली झडप, विकत घेताना बहुतेक जण बघतात तो उघडतो किती सहज आणि धूर किती मोकळा जाऊ देतो. माझा आग्रह असा, की आधी बघा तो मिटतो किती घट्ट. जाळाचे तास 80 आहेत, आग नसतानाचे साडेआठ हजारांच्या वर. झडप निवडायची ती या दुसऱ्या आकड्याकडे पाहून, एवढं सांगण्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

ती लिहिली आहे अमेरिकेच्या ईशान्य भागात जुनं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. बॉस्टनच्या आसपास, कनेटिकटमध्ये, न्यू जर्सीत, हडसन नदीच्या काठाने वर गेलं की अशी घरं पुष्कळ सापडतात. दिवाणखान्यात विटांची फायरप्लेस, वर लाकडी फळी, फळीवर आता गणपती आणि मुलांचे फोटो. घर बघायला गेल्यावर याच कोपऱ्यापाशी सगळे थबकतात. पहिला बर्फ पडला की हौसेने लाकडं आणली जातात, आणि पहिल्याच संध्याकाळी निम्म्या घरांत धूर खोलीत येतो, कारण झडप अर्धवट उघडलेली असते किंवा गंजून अडकलेली असते. उरलेल्या घरांत धूर नीट जातो, पण नंतर झडप मिटायची असते हे कुणाला ठाऊक नसतं. मार्च येतो, हीटिंगचं बिल बघून सगळे खिडक्यांना दोष देतात.

यात अडाणीपणा नाही. विस्तव आपल्याला नवा नाही, धुराडं नवं आहे. कोकणात काय, देशावर काय, चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आणि वळचणीखालून आपली वाट काढत जायचा. वाशांवर काजळी चढायची आणि त्या धुराने लाकडाला कीड कमी लागायची. हवा येण्याजाण्याच्या वाटा इतक्या होत्या की त्या बंद करण्याचा प्रश्न कुणाला पडलाच नाही. महाबळेश्वरच्या जुन्या ब्रिटिश बंगल्यांत फायरप्लेस आहेत, पण त्यांची देखभाल आपल्या घरांतल्या रोजच्या ज्ञानाचा भाग कधी झाली नाही. चुलीत लाकडं कशी रचायची हे आजीने शिकवलं; धुराड्यातली झडप कधी मिटायची हे ती शिकवू शकत नव्हती. ते ज्ञान इथे येऊन मिळवावं लागतं, आणि ते सहज मिळतं असं नाही. घर घेतानाच्या तपासणी अहवालात ‘डॅम्पर नीट बसत नाही’ असं एक वाक्य असतं आणि ते छपराच्या आणि तळघराच्या मोठ्या वाक्यांखाली दबून जातं.

म्हणून आधी रचना समजून घेऊ. फायरप्लेस पूर्ण थंड असताना आत डोकं घालून टॉर्चने वर पाहा. लाकडं जळतात ती पेटी. पेटीच्या दर्शनी तोंडाच्या वरच्या कडेपासून निदान आठ इंच वर समोरची आणि मागची भिंत जवळ येऊन एक चिंचोळी फट राहते, तो गळा. पारंपरिक झडप असते ती इथे, ओतीव लोखंडाची किंवा पोलादाची, खोलीतूनच दांड्याने किंवा मुठीने हलवता येईल अशी. झडपेच्या मागे एक आडवा कट्टा असतो. त्याच्या वर धुराची खोली निमुळती होत जाते आणि तिच्यापुढे भाजलेल्या मातीच्या चौकोनी नळ्यांचा मार्ग थेट छपराबाहेर जातो. त्या मार्गाला इथले कारागीर फ्लू म्हणतात आणि या पुस्तिकेतही मी तोच शब्द वापरला आहे. सगळ्यात वर माथा आणि, घरमालक शहाणा असेल तर, त्यावर पाऊस अडवणारी टोपी.

हा गळा इतका अरुंद असण्याचं श्रेय दोन बेंजामिनांना जातं. दोघेही मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मले, आणि धुराड्याविषयीचं त्यांचं इथे सांगितलेलं काम लंडनमध्ये झालं. बेंजामिन फ्रँकलिन लंडनला क्रेव्हन स्ट्रीटवर राहत असताना त्यांनी आपल्या खोलीतल्या फायरप्लेसचं तोंड विटांनी लहान करून घेतलं आणि वर लोखंडी चौकटीत मागेपुढे सरकणारी एक पत्र्याची फळी बसवली. 2 डिसेंबर 1758 रोजी बॉस्टनच्या जेम्स बोडोइन यांना लिहिलेल्या पत्रात या फळीचं वर्णन आहे. पेटवताना ती पुरती मागे न्यायची, जाळ धरला की धूर जाण्यापुरतीच जागा ठेवायची, आणि आग नसेल तेव्हा मिटून टाकायची. त्याच पत्रात त्यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलं आहे, ते मला फळीहूनही मोलाचं वाटतं. उन्हाळ्यात, आग नसताना, धुराड्यातली हवा रात्री वर जाते आणि दिवसा खाली येते. जुलैच्या दुपारी एसी चालू असताना दिवाणखान्यात काजळीचा कुबट वास का येतो, याचं उत्तर त्या पत्रात अडीचशे वर्षांपूर्वीच मिळून गेलं आहे.

दुसरे बेंजामिन म्हणजे थॉम्सन, पुढचे काउंट रमफर्ड. 1796 साली त्यांचा फायरप्लेसवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी पेटी उथळ केली, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे उष्णता खोलीकडे परतेल, आणि गळा सुमारे चार इंचांवर आणला. लंडनमधली कितीतरी धुरकट घरं या दुरुस्तीने सुधारली. मात्र रमफर्ड यांचा सगळा विचार जळत्या आगीचा होता. फ्रँकलिन यांनी आग नसतानाच्या धुराड्याकडेही पाहिलं. गळ्यातली लोखंडी झडप पुढच्या काळात जशी घडत गेली तिच्यात रमफर्ड यांचा अरुंद गळा नीट उतरला, फ्रँकलिन यांचं मिटणं मात्र कच्चंच राहिलं.

कच्चं राहण्याचं कारण साधं आहे. लोखंडावर लोखंड टेकवून हवा अडत नाही. त्यात झडपेची पाती वर्षानुवर्षं ज्वाळांच्या अगदी वर टांगलेली. तापते, निवते आणि हळूहळू वाकते. टोपी नसेल तर पावसाचं पाणी काजळीत मिसळून तिच्यावर ठिबकतं आणि गंज धरतो. वरून नळीचे कपचे, चुन्याचे तुकडे, वाळकी पानं मागच्या कट्ट्यावर पडतात आणि पाती पूर्ण मागे झुकतच नाही. दहा-वीस वर्षांत ती नीट उघडतही नाही आणि नीट मिटतही नाही.

अशा एका फटीची किंमत किती, याचा हिशेब मी करून ठेवला आहे, कारण आकडा पाहिल्याशिवाय कुणाला पटत नाही. बाहेर उणे 10 अंश सेल्सिअस, घरात 20 अंश, धुराडं 8 मीटर उंच आणि घरातल्याच उबदार हवेने भरलेलं, असं धरा. आतली हवा हलकी आणि बाहेरची जड, त्यामुळे तळाशी सुमारे 11 पास्कलचा दाबाचा फरक तयार होतो. हा दाब हाताला जाणवणारसुद्धा नाही. पण वाकलेल्या पातीची एक कड 75 सेंटिमीटर लांब आणि तिथे 6 मिलिमीटरची फट असेल, तर या दाबाने तासाला साधारण 40 घनमीटर हवा निघून जाते. चार बाय चार मीटरच्या, अडीच मीटर उंच शयनगृहात एवढीच हवा मावते. म्हणजे झडप ‘मिटलेली’ असताना दर तासाला एका शयनगृहाची तापवलेली हवा बाहेर, आणि तेवढीच गोठलेली हवा दारा-खिडक्यांच्या फटींतून आत. झडप उघडीच राहिली तर काय होतं ते अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने एका वाक्यात सांगितलं आहे: हिवाळ्यात खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखं ते आहे.

आपल्या घरी काय परिस्थिती आहे हे बघायला उपकरण लागत नाही. देवघरातली उदबत्ती पुरते. वाऱ्याच्या, थंड दिवशी, आत निखारा नाही याची खात्री करून झडप मिटा, उदबत्ती पेटवून झडपेच्या चारही कडांजवळून सावकाश फिरवा. धुराची रेघ सरळ राहिली तर झडप ठीक. एकदम वर ओढली गेली किंवा खोलीत मागे ढकलली गेली तर पुढची पानं तुमच्यासाठी आहेत.

लाकडाच्या उघड्या, विटांच्या फायरप्लेससाठी माझी पहिली शिफारस वरच्या टोकाला बसणाऱ्या झडपेची आहे. ही झडप गळ्यात नसते, फ्लूच्या अगदी तोंडावर असते. झाकणाखाली सिलिकॉन रबराची कड असते, त्यामुळे ती खरोखर घट्ट बसते. झाकणापासून स्टेनलेस स्टीलची तार फ्लूमधून खाली येते आणि पेटीच्या बाजूच्या भिंतीवरच्या कड्यात अडकवली जाते. तार ओढून अडकवली की झाकण बंद, सोडली की स्प्रिंगने उघडतं. ही दिशा फार महत्त्वाची आहे. पुढेमागे तार तुटलीच तर झाकण उघडं पडलं पाहिजे, मिटता कामा नये. घेताना ते आवर्जून विचारा. वरच्या झडपेने पाऊस, पानं आणि प्राणी तोंडाशीच अडतात. संपूर्ण फ्लूमध्ये बाहेरची गोठलेली हवा न साचता घरातली हवा राहते, त्यामुळे पेटवताना थंड हवेचा लोंढा खाली कोसळण्याचा त्रासही कमी होतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बर्फाचा पाऊस होऊन वर पाणी गोठलं तर झाकण चिकटू शकतं, म्हणून अशा दिवसांत तार सोडल्यावर टॉर्चने वर बघून झाकण उघडल्याची खात्री केल्याशिवाय काडी ओढू नये. बसवायला छपरावर जावं लागतं, आणि ते काम धुराडं साफ करणाऱ्या प्रशिक्षित माणसाचं आहे. जुनी गळ्यातली पाती असली तर ती काढून टाका किंवा उघड्या स्थितीत कायमची बांधून टाका, असं माझं मत आहे. दोन झडपा चालू ठेवल्या की एक दिवस कुणीतरी एकच उघडतं आणि घर धुराने भरतं.

माप घेताना घाई नको. फ्लूच्या मातीच्या नळ्या 8 बाय 8, 8 बाय 13, 13 बाय 13 इंच अशा ठरावीक मापांच्या असतात आणि वरच्या झडपाही त्याच मापांत मिळतात. पण आपल्या फायरप्लेसच्या मानाने मुळात फ्लू पुरेसा आहे का, हे आधी पाहावं लागतं. इथल्या बांधकाम नियमांप्रमाणे चौकोनी फ्लूचं आतलं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या निदान एक-दशांश हवं, गोल फ्लूला एक-द्वादशांश चालतं. समजा तोंड 36 इंच रुंद आणि 28 इंच उंच आहे. क्षेत्रफळ 1,008 चौरस इंच, म्हणजे फ्लू सुमारे 100 चौरस इंचांचा हवा. 13 बाय 13 च्या नळीचं आतलं क्षेत्रफळ साधारण 125 भरतं, ती पुरते. 8 बाय 13 ची नळी आतून 80 च्या आसपास. तिथे धूर खोलीत येणारच, कुठलीही झडप लावा. झडपेची चौकट आणि अर्धवट उघडणारं झाकण मिळून ही जागा आणखी कमी करत असतील तर काठावर पास असलेलं धुराडंही नापास होतं. उंचीही बघावी. धुराडं छपरातून जिथे बाहेर येतं तिथून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल त्याहून दोन फूट उंच असलं पाहिजे. हे हिशेब पहिल्या प्रकरणात सविस्तर दिले आहेत, आणि ते प्रकरण ओलांडून कुणी पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे.

एक गोष्ट इथल्या इंग्रजी पुस्तकांत कोपऱ्यात असते, ती आपल्या घरांत मधोमध आहे: स्वयंपाकघरातला पंखा. फोडणी, तळण, मिरच्यांचा ठसका यामुळे आपण जोरदार हूड घेतो आणि घेतलाच पाहिजे. पण दर मिनिटाला 400 घनफुटांहून जास्त हवा बाहेर फेकणाऱ्या हूडसाठी बदली हवा आत आणण्याची सोय करावी असा नियम आहे, आणि जुन्या घराच्या नूतनीकरणात ती सोय बहुधा राहून जाते. मग दिवाळीच्या पाहुण्यांसाठी एकीकडे चकल्या तळल्या जातात, दुसरीकडे फायरप्लेस पेटवलेली असते आणि पंखा आपली हवा धुराड्यातून खाली ओढून घेतो. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइडही येतो. दोन्ही एकाच वेळी चालवू नका. चालवावंच लागलं तर फायरप्लेसजवळची खिडकी थोडी उघडा.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, म्हणून झडप मिटण्याच्या वेळेबद्दल मी कुठेही सवलत दिलेली नाही. आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी तोच फुंकून चूल पेटवत. फायरप्लेसमधली राखही तेच करते. वरून करडी, गार दिसते आणि आत निखारा तासन्‌तास धुमसत राहतो. अशा वेळी ऊब वाया जाऊ नये म्हणून रात्री झोपताना घट्ट झडप मिटली, तर तो वायू घरातच कोंडतो. झडप जितकी चांगली तितका हा धोका मोठा, कारण गळकी लोखंडी पाती निदान थोडं तरी बाहेर जाऊ देत होती. म्हणून पहिला नियम: राख हाताला पूर्ण गार लागेपर्यंत, म्हणजे निदान दुसऱ्या दिवसापर्यंत, झडप उघडी. दुसरा नियम: प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. हे दोन नियम पाळायचे नसतील तर घट्ट झडप बसवू नका.

याच कारणाने काही घरांना मी वरची झडप सुचवत नाही. धुराड्यात धूर सोडणारे गॅसचे कृत्रिम ओंडके असतील तर झडप कधीच पूर्ण मिटू नये म्हणून तिच्यावर लोखंडी चिमटा बसवावा लागतो. तिथे घट्टपणाचा विचार सोडून द्यायचा आणि काचेचे दरवाजे किंवा वेगळ्या प्रकारचा बंदिस्त गॅस हीटर यांचा विचार करायचा. लाकडं पेटवायला नुसती गॅसची नळी असेल तरी गावच्या इन्स्पेक्टरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारखान्यात तयार झालेली पत्र्याची फायरप्लेस असेल, आणि 1970 नंतरच्या घरांत ती बरीच दिसते, तर तिच्या निर्मात्याने सांगितलेलाच भाग बसवायचा. पेटीत स्टोव्ह बसवून त्याला स्वतंत्र स्टीलचा पाइप जोडला असेल तर जुन्या झडपेचा प्रश्नच उरत नाही, तिथे गळा पत्र्याने बंद करतात. आणि एक गोष्ट ठळक सांगतो. विटांच्या एकाच धुराड्यात बऱ्याचदा दोन फ्लू असतात, एक फायरप्लेसचा आणि दुसरा तळघरातल्या बॉयलरचा किंवा पाणी तापवण्याच्या टाकीचा. त्या दुसऱ्या तोंडावर झडप कधीही, कुठल्याही कारणाने बसवायची नाही. छपरावर चढलेल्या माणसाला कुठला फ्लू कुठला हे खालून दाखवून मगच काम सुरू करू द्या.

फायरप्लेस मुळीच वापरायची नसेल तर लोकरीचं किंवा हवा भरायचं बूच गळ्याखाली बसवता येतं, स्वस्तात भागतं. बाहेर दिसेल अशी खूण टांगून ठेवायची, म्हणजे पाहुणे आल्यावर कुणी चुकून काडी लावणार नाही.

पाखरांसाठी एक प्रकरण आहे आणि ते मी मनापासून लिहिलं आहे. चिमनी स्विफ्ट ही पाकोळी हिवाळा दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात काढते आणि वसंतात इथे येऊन उघड्या धुराड्यांच्या आतल्या भिंतीवर काटक्या लाळेने चिकटवून घरटं बांधते. पूर्वी ती पोकळ झाडांत राहायची. झाडं गेली तशी धुराड्यांत आली. तिची संख्या घटते आहे. 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने तिला संरक्षण आहे आणि अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढता येत नाही. मे ते ऑगस्टमध्ये धुराड्यातून पिल्लांची किलबिल ऐकू आली तर झडप बसवण्याचं काम सप्टेंबरपर्यंत पुढे ढकला. पिल्लं उडून गेल्यावर स्वच्छता आणि झडप दोन्ही एकदम करता येतात, आणि आगीचा मोसम सुरू व्हायला तोवर वेळही असतो.

तपासणीबद्दल शेवटी. इथली अग्निसुरक्षेची मानकं, एनएफपीए 211, धुराडं दरवर्षी तपासावं असं सांगतात, आणि घराची मालकी बदलताना दुसऱ्या पातळीची, कॅमेरा आत सोडून केलेली तपासणी सुचवतात. घर घेताना ती मागा. झडपेसाठी दर विचारण्याआधी कॅमेऱ्याने पाहिलेला फ्लू, तोंडाचं माप आणि बॉयलरच्या फ्लूची जागा, या तीन गोष्टी लिहून हाती असाव्यात. त्यासाठी मलपृष्ठाच्या आत एक कोरा तक्ता छापला आहे. तो भरून कारागिराला दाखवा. तो पाहून जो माणूस पहिला प्रश्न ‘तुम्ही लाकूड जाळता की गॅस?’ असा विचारेल, त्याला काम द्या.